जिच्यावर मी पाळत ठेवली

कडावच्या एका खाजगी दवाखान्यात मी एकोणीस वर्षं नर्स आहे. मधले दोन महिने सोडले तर एकही खाडा नाही. दवाखाना दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत डॉक्टर बसतात, मागच्या खोलीत इंजेक्शन, सलाइन आणि ड्रेसिंग. मागची खोली माझी. भात कापताना विळा लागलेले, मोटारसायकलवरून पडलेले, साखरेमुळे पाय चिघळलेले, असे सगळे माझ्याकडे येतात. जखम धुताना प्रार्थना करायची मला सवय होती. आवाज नसायचा, ओठ तेवढे हलायचे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील रेल्वेच्या नोकरीमुळे नगरकडून कर्जतला आले आणि इथलेच झाले. प्रार्थना ही मला मुद्दाम ठरवून करायची गोष्ट कधी वाटलीच नाही. भाजी निवडताना कुणी गुणगुणतं, तसं माझं ते.

काही वर्षांपूर्वी गावातला एक शेतकरी पायाच्या जखमेसाठी रोज यायला लागला. थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि कित्येक वर्षं अंगात मुरलेली साखर. त्याची बायको त्याला रिक्षातून आणायची आणि मी पट्टी सोडायला लागले की ट्रे धरून उभी राहायची. इतर बायका तोंड फिरवतात, ही फिरवायची नाही. दोन महिने मी ती जखम धुतली. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्या, पाय काढावा लागेल.

जाण्याच्या आदल्या दिवशी शेवटची पट्टी बांधली तेव्हा तो माणूस थरथरत होता. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. म्हटलं, "भिऊ नको. तो तुझ्याबरोबर येतो." कोण तो, हे त्यानं विचारलं नाही. खोलीत आम्ही तिघंच होतो.

पनवेलला चौथ्या दिवशी तो गेला.

दीड महिन्याने त्याची बायको दवाखान्यात आली. मला वाटलं ताप असेल. ती मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, तुमी जखम धुताना कोणाशी बोलता?"

मी सांगितलं.

"माझा माणूस तर बरा झाला नाय."

"नाही झाला."

"तरी तुमी बोलताच हाय. मगाशी त्या म्हातारबाबाची पट्टी करताना पन बोलत होता. मी पडद्यातून बघितलं."

"हो."

तिने स्टूल जरा पुढे ओढलं. मग म्हणाली, "मला तुमच्यात येऊन बसायचंय."

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा, की हिला हवंय तरी काय? आमच्याकडे नवीन माणूस येतं ते बहुतेक काहीतरी मिळालं म्हणून. कुणाचं मूल वाचलं, कुणाची दारू सुटली. हिला काहीच मिळालं नव्हतं. उलट होतं तेही गेलं होतं. अशी बाई कशाला येईल?

तरी मी तिला दहिवलीचा पत्ता दिला.

दहिवलीला आमचं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आहे. दर रविवारी सकाळी दहाला तिथे आमची मंडळी जमायची, चौदा-पंधरा माणसं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, खोपोलीहून महिन्यातून दोनदा यायचे. इतर रविवारी माझे यजमान उपासना चालवायचे. ते खालापूरकडच्या एका कंपनीत पाळीवर जातात. बोलायची आवड दांडगी, आवाज गोड, आणि देवाने घरात काही केलं की चार लोकांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, असा स्वभाव.

ती बाई दर रविवारी यायला लागली. दाराजवळ बसायची. पुढे बोलावलं तरी नको म्हणायची. मोबाइल मांडीवर ठेवायची आणि गीत सुरू झालं की त्याच्यावर एकदा बोट फिरवायची. गात नव्हती. प्रार्थनेत सगळे डोळे मिटायचे तेव्हा तिचे उघडे असायचे. हे मला कसं कळलं? माझेही उघडे असायचे, म्हणून.

वर्षभर असं चाललं. मग जानेवारीत एका सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. येऊन जा म्हणाले.

आम्ही दोघं गेलो. साहेब तरुण होते, बोलायला नीट होते. समोर एक कागद होता. तक्रार निनावी होती. दवाखान्यातली सिस्टर आजारी माणसांच्या जखमांवर मंत्र पुटपुटते, मरणाच्या दारातल्या माणसाला फूस लावते, आणि त्याच्या बायकोला नादी लावून दहिवलीला नेते, असं त्यात लिहिलं होतं. मी सगळं नाकारायच्या तयारीत होते. तेवढ्यात साहेबांनी पुढची ओळ वाचली. "भिऊ नको, तो तुझ्याबरोबर येतो."

शब्द जसेच्या तसे.

"असं म्हणालात तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"त्यांना विचारलं होतं का आधी? चालेल का म्हणून?"

मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत मी कुणालाच विचारलं नव्हतं. यजमान शेजारी गप्प बसले होते, आणि ते कधीच गप्प बसत नाहीत. पण तेव्हा मला ते जाणवलं नाही. मला वाटलं, घाबरलेत.

साहेबांनी जबाब लिहून घेतला. सध्या गुन्हा वगैरे काही नाही म्हणाले, पण जरा सांभाळून राहा. बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू होता. खोलीत तिघं होतो. एक वारला. दुसरी मी. राहिलं कोण?

डॉक्टरांना ठाण्यातून फोन गेलाच होता. ते भले गृहस्थ. मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे, ते मी नाकारत नाही. पण गावात माझं नाव आहे. थोडे दिवस घरी बसा." मी घरी बसले. दवाखाना उघडल्यापासून त्याची किल्ली माझ्या कमरेला असायची, ती टेबलावर ठेवून आले.

त्यानंतर आमच्या घरात संशय राहायला आला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी आमच्या चपला दाराबाहेर सोडलेल्या असायच्या. मी सांगितलं, चपला आत घ्या, पिशवीत भरा, बाहेरून मोजणी व्हायला नको. खिडक्या लावून घ्यायला लागलो. गीतं हलक्या आवाजात. समोरच्या चहाच्या टपरीवर कुणी दोनदा दिसला की मी त्याचा शर्ट लक्षात ठेवायची. टेंपो दाराशी थांबला तरी आमची प्रार्थना मधेच तुटायची. पंधरातले दहा उरले, मग सात. जे येईनात त्यांच्याबद्दल मला राग नव्हता, शंका होती. न येण्यामागे भीती आहे की आणखी काही? एका जुन्या कुटुंबाने निरोप पाठवला, मुलीचं लग्न ठरतंय, आता नको. तो निरोपही मला खोटा वाटला. लग्न खरंच ठरत होतं, नंतर पत्रिका आली.

परीक्षेने विश्वास पक्का होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझा होत नव्हता. पाळक म्हणायचे, बाहेरच्या त्रासाने मंडळी एकत्र येते. मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, तुमच्या गावात असेल.

आणि ती बाई मात्र एक रविवार चुकवत नव्हती. सगळे गळत असताना हीच कशी टिकते? कडावहून दहिवली काही जवळ नाही. शेजारपाजार बोलत असेल, तक्रारीत तिचाच उल्लेख होता, तिच्या भाऊबंदांत तर बोभाटा झालाच असेल. तरी ही येते, दाराजवळ बसते, मोबाइलवर बोट फिरवते. मी यजमानांना म्हटलं, "तीच आहे. रेकॉर्ड करते ती आपलं."

ते म्हणाले, "असं म्हणू नये गं."

"मग दुसरं कोण? खोलीत होतं कोण?"

ते उठून बाहेर गेले. गाडी पुसायला लागले. ती सकाळीच पुसली होती.

मार्चमध्ये मी एक गोष्ट केली. तिला एकटीला फोन करून सांगितलं, "या रविवारी घरी नाही जमायचं. पळसदरीला धरणावर, दहा वाजता. कुणाला सांगू नकोस." बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. उपासना नेहमीसारखी घरी होणार होती. माझा डाव साधा होता. धरणावर जर कुणी आम्हाला शोधत आलं, पोलीस किंवा गावची माणसं, तर बातमी तिच्याकडूनच गेली, हे सिद्ध झालं.

यजमानांना मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, तुम्ही चालवा, मी जरा औषध घेऊन येते. हेल्मेट घातलं आणि स्कूटर काढली. देवाचं नाव घेणाऱ्या सात माणसांना घरात बसवून मी हेरगिरी करायला निघाले होते, आणि वाटेत मला त्याचं काहीही वाटलं नाही. उलट बरं वाटत होतं. आता कळेल.

धरणावर रविवारची गर्दी होती. मुंबईची पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती, भज्यांच्या गाड्यांवर तेल तापलं होतं. मी एका गाडीमागे स्कूटर लावली आणि हेल्मेट न काढताच उभी राहिले. ती मला लगेच दिसली. एका झाडाच्या विरळ सावलीत बसली होती, आणि एकटी नव्हती. शेजारी तिची सासू होती. म्हातारीला मी ओळखत होते. तिच्या गुडघ्याची इंजेक्शनं मीच दिलेली. सून आमच्याकडे येते म्हणून वर्षभर तिच्याशी धड बोलत नव्हती ती म्हातारी. ती इथे कशी?

मी उभी राहिले. साडेदहा झाले. अकरा झाले. ऊन सरकलं तशी सावली सरकली, आणि त्या दोघीही सरकल्या. सुनेने सासूच्या डोक्यावर पदर सारखा केला. पाण्याची बाटली दिली. रस्त्याकडे बघत होती. प्रत्येक रिक्षा थांबली की उठायची आणि पुन्हा बसायची. दोन तरुण मोबाइल घेऊन त्यांच्या बाजूला गेले तेव्हा मी गाडीआडून पुढे वाकले. आले, म्हटलं. पण त्यांनी धरणाकडे पाठ करून आपलेच फोटो काढले आणि निघून गेले.

दुसरं कुणी आलं नाही. मग तिने डोळे मिटले. ओठ हलताना मला दिसत होते. म्हातारी तिच्याकडे बघत बसली होती.

कुणालाही इथे ती निर्दोष असल्याचा पुरावा मिळाला असता. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हिने मला बघितलंय आणि ही नाटक करतेय. त्या दोघींना तिथेच उन्हात सोडून मी घरी आले.

संध्याकाळी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, ऐन वेळी बेत बदलला, तुला कळवायचं राहिलं."

"असू द्या," ती म्हणाली. "सासू किती वर्षांत घराबाहेर पडली नव्हती. तेवढंच धरन बघितलं."

"ती कशी आली?"

"म्हनली, कोनाच्या घरात बसून तुमचं ऐकनार नाय. धरनावर बसायला काय जातंय."

फोन ठेवला आणि यजमानांना सगळं सांगितलं. सांगताना मला अजून माझी हुशारीच वाटत होती. आता दुसरा डाव कसा टाकायचा तेही मी बोलून दाखवलं. ते ऐकत होते. ताटातली भाकरी त्यांनी मोडलीही नाही.

मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं होतं, मी हंडे भरत होते. कंपनीची बस यायला अर्धा तास होता. ते मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तिला त्रास देऊ नकोस. ते माझ्याकडून गेलं."

मला कळलंच नाही. "काय गेलं?"

"तू त्या दिवशी घरी येऊन सांगितलं होतंस ना, त्याच्या कपाळावर हात ठेवला, असं असं म्हणाले. तो गेला, त्याची बायको आपल्याकडे आली. मी कॅन्टीनमध्ये सांगितलं. देवाने काय केलं याची साक्ष म्हणून सांगितलं. तिथला एक जण त्यांच्याच भावकीतला निघाला. मला माहीत नव्हतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"ठाण्यात. शब्द वाचले तेव्हाच."

जानेवारीत कळलं होतं आणि आता मार्च होता. हंडा भरून पाणी वाहत होतं, मला नळ बंद करायचं सुचलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं, हे मी पार विसरले होते. खोलीत तिघं होतो, हे मोजताना मी रात्रंदिवस शेजारी असणाऱ्या माणसाला मोजलंच नव्हतं.

"आणि तिच्यावर माझा संशय आहे हे दिसत असून तुम्ही गप्प बसलात?"

"तू काम घालवून बसली होतीस. माझ्यामुळे गेलं, हे सांगायचा धीर झाला नाही. रोज सांगेन म्हणत होतो."

बस आली आणि ते गेले. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे दुसरं वाक्य ऐकू यायला लागलं. कंपनीत जादा पाळी आहे म्हणाले तर मी मनात म्हणायची, खरंच का? तिच्यावरचा संशय उठला आणि तसाच्या तसा त्यांच्यावर येऊन बसला. तेव्हा कुठे मला त्याची भीती वाटली. तो आता माणसावर अवलंबून राहिलाच नव्हता. त्याला फक्त बसायला जागा हवी होती.

प्रार्थना बंद झाली. मी डोळे मिटायची आणि काहीच नसायचं, रिकामी खोली. एक दिवस तर मनात आलं, तोही तसाच निघाला तर? ज्याच्याशी मी जन्मभर बोलतेय, तोही काहीतरी लपवून बसला असेल तर? हा विचार मी कुणालाच सांगितला नव्हता, आज लिहितेय. माझ्या विश्वासाला बाहेरच्या कुणी इतकं खाली आणलं नव्हतं, जितकं मी आणलं.

पुढच्या रविवारी ती आली. पळसदरीचा विषयही नाही. बाकीच्यांच्या चपला सवयीने पिशवीत गेल्या होत्या. मी पिशवी तिच्यापुढे धरली. तिने आपल्या चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडीने ठेवल्या.

"आत घे गं," मी म्हटलं.

"राहू द्या बाहेर. मी कुठं येते ते मला लपवायचं नाय."

त्या दिवशी कोणती गीतं झाली, कोण काय बोललं, मला काही आठवत नाही. दोन दिवसांनी मी कडावला गेले. ती गोठ्यात म्हशींना पेंढा टाकत होती. म्हातारी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तक्रार तू केलीस असं मला वाटलं, धरणावर मी मुद्दाम पाठवलं, उपासना तिथे नव्हतीच.

तिने पेंढ्याची पेंडी खाली ठेवली. "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुमी भज्यांच्या गाडीमागं होता. निळं हेल्मेट. मी वळखलं."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

"तुमी आला नाय, म्हनजे तुमाला यायचं नव्हतं. हाक मारून काय होनार?"

"आणि परत रविवारी आलीस?"

तिने माझ्याकडे अशा नवलाने बघितलं, जणू मी अगदीच बाळबोध काही विचारलं होतं. "सिस्टर, मी तुमच्यासाठी येत होते काय?"

ती सांगत राहिली, काम करता करता. धरणावर बसली असताना तिला कळलं होतं की आपली परीक्षा घेतली जातेय. आधी रडू आलं. मग राग आला. वाटलं, उठावं आणि परत या लोकांत जाऊ नये. सासू म्हणालीच, तुझी माणसं आली नाय गं. "तवा मी डोळे मिटले. म्हनलं, ते नाय आले, तू हायस का? आन मला वाटलं, हाय. नवरा गेला तवा नुसतं ऐकलं होतं तुमच्याकडनं. त्या दिवशी माझं मला कळलं."

मोबाइलचंही तिनेच सांगितलं. तिला वाचता येत नाही. गीतांचं पुस्तक हातात घेऊन काय करणार? म्हणून गीतं रेकॉर्ड करून न्यायची आणि दूध काढताना ऐकायची. प्रार्थनेत डोळे मिटायची पद्धत असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर मी तिच्यावर नजर ठेवून होते, पण एवढी साधी गोष्ट सांगायला तिच्याजवळ गेले नव्हते.

म्हातारी इतका वेळ ऐकत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सिस्टर, तुमी आमाला उनात बसवलं."

"हो आजी. चुकलं माझं."

"लई उन होतं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. माफ केलं म्हणाली नाही. तिने तसं म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

घरी आले आणि यजमानांशी बोलले. सोपं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की मी तिच्याशी जे केलं ते तिने पोटात घातलं, आता मी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही. ते रडले. मी नाही रडले, मला अजून राग होता. पण ताट एकत्र वाढलं.

मग आम्ही दोघं त्या भावकीतल्या माणसाकडे गेलो, कंपनीतल्या. हे यजमानांनी सुचवलं. तक्रार त्याने केली की त्याच्या घरातल्या कुणी, आम्ही विचारलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या भावाच्या कपाळावर मी न विचारता हात ठेवला. त्याचं वाईट वाटलं असेल तर माफ करा." तो म्हणाला, "आमी आमच्या देवाचं करत होतो त्याच्यासाठी. तुमी मधी का आलात?" त्याचं खरं होतं. एवढे दिवस मी त्याला तोंड नसलेला शत्रू समजत होते. तो भावासाठी नवस बोललेला माणूस होता. भाऊ त्याचाही गेला होता. त्याने चहा पाजला. परत या म्हणाला नाही.

ठाण्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही. एप्रिल लागला आणि डॉक्टरांनी किल्ली परत दिली. न विचारता प्रार्थना नको, ही त्यांनी घातलेली अट मी स्वतःलाही घातली होती. आता मी आधी विचारते, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" बरेच जण नको म्हणतात. मग मी ओठ मिटून जखम धुते. पहिल्यांदा वाटलं होतं, आपण हरलो. आता विचारतानाच माझ्या लक्षात येतं की समोर माणूस आहे, आणि त्याचं स्वतःचं काही आहे.

माझा विश्वास पक्का झाला का? पूर्वीसारखा राहिला नाही एवढं नक्की. पूर्वीचा वडिलांकडून आलेला होता, घरासारखा, आणि कुणी दार वाजवलं नाही तोवर त्याचं काहीच करावं लागत नव्हतं. आता रोज सकाळी मला डोळे मिटून विचारावं लागतं, तू आहेस का? काही दिवस लगेच वाटतं, आहे. काही दिवस वाट बघावी लागते. पण विचारायचं मी सोडलेलं नाही, आणि हे मी तिच्याकडून शिकले.

आम्ही आता नऊ जण आहोत. खिडक्या उघड्या असतात. मुलीचं लग्न ठरलेलं ते कुटुंब परत आलं, जावयासकट. संशय मात्र गेलेला नाही. मोटारसायकल थांबली की अजूनही माझी मान दाराकडे वळते, आणि यजमान जरा जास्त वेळ फोनवर बोलले की माझे कान टवकारतात. मग मी त्यांना सरळ विचारते, कोण होतं? तेही सरळ सांगतात.

मागच्या महिन्यात एका रविवारी उपासना सुरू असताना एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, हातात हेल्मेट, आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नाही. आत येऊ का म्हणाला. गीत अर्ध्यावर लटकलं. मी त्याचा शर्ट लक्षात ठेवायला लागले, पिवळ्या चौकड्यांचा. तोवर दाराजवळ बसलेली ती जरा सरकली आणि आपल्या शेजारची चटई हाताने साफ करून म्हणाली, "या, बसा दादा."

तो बसला. आम्ही गीत पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं. तेव्हापासून तो तीनदा आलाय. तो कुठून येतो आणि कशासाठी येतो, हे मला अजून माहीत नाही.